प्रश्न क्रमांक सात

माझ्या वाटणीला दोनशे चाळीस घरं,
एका फॉर्ममागे बारा रुपये,
पेन आपलं आपण आणायचं.

प्रश्न क्रमांक सात:
आपल्या परिसरात कोणत्या क्रीडा व करमणूक सुविधेची गरज वाटते?
एकाच चौकोनात खूण करावी.
ओपन जिम. जॉगिंग ट्रॅक. बॅडमिंटन हॉल. जलतरण तलाव.
आणि सगळ्यांत खाली, बोटभर जागेत,
इतर.

हौसाक्का लाड उंबऱ्यावर मेथी निवडत होत्या.
"खेळतोय कुठला आता!
एक कट्टा द्या म्हणावं,
जिथं बसलं की कोण विचारणार नाही,
अजून घरला गेली न्हाईस व्हय?"
कट्टा कुठल्या चौकोनात मावतो
ते मी शोधत राहिले.
त्या उठल्या. "चहा टाकतो, बस."

रज्जाक बागवान दार अर्धंच उघडतात.
सकाळचे दहा, त्यांची अजून पहाट.
उद्यमनगरात फाउंड्री, सेकंड शिफ्ट,
भुवयांत अजून काळी वाळू.
"मैदान हाय की. पण मी सुटतो रात्री साडेबाराला.
तवा दिवे असत्यात का?"
मग जरा थांबून,
"व्हॉलीबॉल खेळायचो. नेटवर असायचो मी.
ऱ्हाऊ दे, लिहू नका ते."
मी लिहिलं.

तालमीत दत्तोबा खराडे एकटेच माती उकरताना.
चुरगाळलेले कान, पाठीवर घाम,
हौद्यात ताक आणि हळदीचा वास.
फॉर्म त्यांनी उलटून पाहिला, पालटून पाहिला.
"नवीन काय पायजे, एवढंच विचारलंय.
हाय ते जाऊ नये,
ह्याला खण कुठाय?"

खण नव्हता.
समासात लिहिलं, आडवं.

आफरीन मुजावर, अकरावी, गुडघ्याला पट्टी.
"मी फॉरवर्ड खेळतो.
मैदान कसलंबी चालतंय ओ, खडी असली तरी.
आधी बाथरूम बांधा.
मॅचच्या दिवशी सकाळपासनं पाणी पीत न्हाई आम्ही,
अकराच्या अकरा जणी."
तिची आई आतून म्हणाली, हळू बोल.
ती अजून मोठ्यानं म्हणाली.

ह्या गावच्या रक्तातच फुटबॉल, असं जो तो सांगतो.
पेठेपेठेत भिंतींना संघाचे रंग,
फायनलला गच्च्या वाकतील एवढी माणसं.
रक्तात आहे म्हणून
जागा लागत नाही, असं थोडंच आहे.

ऑफिसात साहेबांनी बेरीज बघितली.
दोनशे चाळीसपैकी इतर एकशे त्रेसष्ट.
"मॅडम, इतर बांधता येत नाही.
ओपन जिममध्ये धरा."
ओपन जिम मला माहीत आहे.
आमच्या कोपऱ्यावरच्या पिवळ्या सायकलीवर
वाकळा चांगल्या वाळतात.

परतताना वाट वाकडी करून
नकाशातली ती हिरवी चौकट बघायला गेले,
आरक्षण, खेळाचे मैदान.
तिथं मांडववाल्याचे बांबू, दोन टेम्पो,
कुणाच्या तरी बांधकामाची वाळू,
आणि उरलेल्या पट्ट्यात नऊ पोरं,
एक बॉल, शिलाई उसवलेला.

एकानं हातातली पिशवी बघितली.
"ताई, हिला पोस्ट करू? एकीकडं चपला हायत,
दुसरीकडं काय न्हाई."
मी दिली.
दोनशे चाळीस घरं मातीत उभी राहिली,
चपलांपासून सहा पावलांवर.

सवयीनं विचारलं,
काय पाहिजे रे तुम्हाला हितं?
कुणी डोकं खाजवलं नाही,
कुणी आतल्या खोलीकडं बघितलं नाही.
"कीपर."

शाळेत मी खो-खो खेळायचे.
हे कुठल्याच फॉर्मात नाही,
विचारणाऱ्याला कोण विचारतंय?
ओढणी कमरेला गुंडाळली,
म्हटलं, "पाचच मिन्टं थांबतो हं,"
आणि पहिलाच बॉल
पायांमधून गेला.